वळूची निवड आकड्यांवरून: प्रजननमूल्य कसे ठरते आणि कसे वाचावे

ऑस्ट्रेलियात मांसासाठी गुरे पाळणारा पशुपालक वळू विकत घ्यायला निघतो, तेव्हा लिलावाच्या आधीच एक पुस्तिका त्याच्या हाती पडते. तिच्यात प्रत्येक वळूचा क्रमांक, त्याची वंशावळ आणि त्याखाली पंधरा-वीस आकड्यांची एक ओळ छापलेली असते: जन्मवजन अधिक ४.२, दोनशे दिवसांचे वजन अधिक ४८, सहाशे दिवसांचे वजन अधिक ११०, दूध अधिक १७, विण्यापर्यंतचे दिवस उणे ४.१, अशा धर्तीची. प्रत्येक आकड्याखाली टक्क्यांत आणखी एक आकडा असतो. वळू समोरच्या कुंपणात उभा असतो, त्याची पाठ, त्याचे पाय, त्याची चाल सगळे डोळ्यांनी पाहता येते, तरीही जाणता खरेदीदार आधी ही ओळ वाचतो. त्या वळूचे स्वतःचे वजन किती, हे या ओळीत सांगितलेले नसते. त्याच्यापासून होणारी वासरे दुसऱ्या वळूच्या वासरांपेक्षा किती सरस किंवा किती उणी निघतील, याचा तो अंदाज असतो. या अंदाजाला प्रजननमूल्य म्हणतात आणि पशुपालकांच्या तोंडी त्याचे नाव ईबीव्ही असे आहे.

जनावर पाहून त्याची पारख करण्याची कला जुनी आणि मोलाची आहे. परंतु डोळ्यांना दिसते ते सगळेच्या सगळे वासरात उतरत नाही, आणि प्रजननमूल्याची सगळी खटपट याच एका अडचणीतून सुरू झाली. एकाच वयाचे दोन खोंड घेऊ. एकाचे वजन ४३० किलो आहे आणि दुसऱ्याचे ४००. पहिला उजवा दिसतो. पण त्याची आई चार-पाच वेतांची, भरपूर दुधाची गाय होती, तो पाऊस बरा झालेल्या कुरणात वाढला आणि दूध तोडल्यावर त्याला खुराकही मिळाला. दुसरा पहिलारू गाईचा, कोरड्या माळावर चरून वाढलेला आहे. मधल्या ३० किलोंपैकी रक्तातून आलेले किती आणि चाऱ्यातून आलेले किती, हे नुसत्या नजरेने कोणालाच सांगता येणार नाही. चाऱ्यातून आलेले किलो त्या खोंडाबरोबरच संपतात. पुढच्या पिढीत जाते ते फक्त रक्तातले.

एखाद्या गुणात जनावराजनावरांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला किती भाग आनुवंशिक असतो, याला आनुवंशिकतेचे प्रमाण म्हणतात आणि ते शून्य ते एक या दरम्यान मांडतात. गुरांच्या जन्मवजनात ते साधारण ०.४ असते, दूध तोडतानाच्या वजनात ०.२५ ते ०.३ च्या आसपास, मांसात चरबीची बारीक जाळी किती पसरली आहे या गुणात पुन्हा ०.४ किंवा थोडे अधिक. गाय वेळेवर गाभण राहते की नाही यासारख्या प्रजननाच्या गुणांत मात्र ते अनेकदा ०.१ च्याही खाली जाते. समजा, दूध तोडतानाच्या वजनासाठी हे प्रमाण ०.३ धरले आणि एखादे वासरू आपल्या बरोबरीच्या वासरांच्या सरासरीपेक्षा ३० किलोंनी जड भरले. दुसरी कोणतीही माहिती हाताशी नसेल, तर त्याचे प्रजननमूल्य ३० गुणिले ०.३, म्हणजे अधिक ९ किलो इतकेच धरता येते. उरलेले २१ किलो आईच्या दुधाचे, कुरणाचे, ऋतूचे आणि दैवाचे.

या हिशेबातला सगळ्यात नाजूक शब्द ‘बरोबरीची वासरे’ हा आहे. ऑस्ट्रेलियाच्या ब्रीडप्लॅन या मूल्यांकन पद्धतीत त्यांना समकालीन गट म्हणतात. एकाच कळपात, एकाच हंगामात, साधारण दीड-दोन महिन्यांच्या अंतरात जन्मलेली, एकाच लिंगाची, एकाच कुरणावर एकाच प्रकारे सांभाळलेली आणि एकाच दिवशी तोललेली वासरे एका गटात येतात, आणि तुलना होते ती फक्त त्या गटाच्या आत. वासरांच्या वयातला थोडा फरक आणि आईचे वय या दोन गोष्टींची वजावट गणितातच केली जाते, कारण पहिलारू गाईचे वासरू हलके असते ते बहुधा तिच्या दुधामुळे. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण सगळा भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेला असला तरच.

म्हणूनच नोंदी ठेवणाऱ्याची सचोटी येथे फार महत्त्वाची ठरते. एखाद्याने आपल्या लाडक्या खोंडाला वेगळा खुराक दिला आणि तो वेगळ्या गटात न दाखवता इतरांबरोबरच तोलला, तर खुराकाचे श्रेय रक्ताला मिळते आणि तो आकडा खोटा निघतो. दुसरी चूक अधिक साळसूद दिसते: कळपातली उत्तम वासरेच तेवढी तोलायची आणि किरकोळ वासरांची नोंदच करायची नाही. यामुळे आपल्या वळूचे नाव उंचावेल असे वाटते, प्रत्यक्षात उलटे घडते. हलकी वासरे गटातून गेली की गटाची सरासरी वर सरकते, उत्तम वासरू सरासरीपेक्षा जेमतेम वर दिसते, आणि ज्याचे कौतुक करायचे होते त्याचाच आकडा खाली येतो. तिसरी अडचण रचनेतली आहे. एका कुरणातली सगळी वासरे एकाच वळूची असतील, तर ती चांगली निघाली ती वळूमुळे की कुरणामुळे, हे कोणतेही गणित सोडवू शकत नाही. प्रत्येक गटात किमान दोन वळूंची वासरे हवीत आणि त्यांतला एखादा वळू इतर कळपांतही वापरलेला हवा. कृत्रिम रेतनामुळे हे शक्य झाले. एकाच वळूच्या गोठीत रेतमात्रा शेकडो कळपांत गेल्या की तो वळू त्या सगळ्या कळपांना एकमेकांशी जोडणारा दुवा बनतो, आणि मग ज्यांनी एकमेकांचे गोठेही पाहिलेले नाहीत अशा दोन पशुपालकांच्या वळूंची तुलना करता येते.

या विचाराला शास्त्राचे रूप दिले ते अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जे लश नावाच्या शास्त्रज्ञांनी. त्यांचे विद्यार्थी चार्ल्स हेंडरसन पुढे कॉर्नेल विद्यापीठात गेले. पशुपैदाशीच्या इतिहासातले सगळ्यात मोठे काम, माझ्या मते, हेंडरसन यांचे आहे. कळपाचा, ऋतूचा, वयाचा परिणाम वेगळा काढणे आणि आनुवंशिक गुणवत्तेचा अंदाज बांधणे ही दोन कामे एकामागून एक न करता एकाच समीकरणसंचात, एकाच वेळी कशी सोडवायची, हे त्यांनी दाखवले. या पद्धतीत जनावराची स्वतःची नोंद तर वापरली जातेच, शिवाय त्याचे आईबाप, भावंडे, सावत्र भावंडे, मुले, नातवंडे या सगळ्यांच्या नोंदी नात्याच्या जवळिकीप्रमाणे वजन देऊन जमेस धरल्या जातात. लाखो जनावरांच्या नातेसंबंधांचे कोष्टक उलटे करणे, म्हणजे गणितातला त्याचा व्यस्त काढणे, हे त्या काळच्या संगणकांना झेपणारे नव्हते. १९७६ साली हेंडरसन यांनी ते उलटे कोष्टक सरळ वंशावळीवरूनच लिहून काढण्याची सोपी रीत शोधली आणि वाट मोकळी झाली. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यातल्या आर्मिडेल या गावी, न्यू इंग्लंड विद्यापीठात पशुपैदाशीच्या आनुवंशिकतेवर काम करणारा संशोधन विभाग आहे. त्याच्या संशोधनावर उभी राहिलेली ब्रीडप्लॅन ही पद्धत १९८५ पासून चालू आहे.

आता आकडा वाचायचा कसा, ते पाहू. अँगस या मांसाच्या जातीचे दोन वळू आहेत. सहाशे दिवसांच्या वजनाचे प्रजननमूल्य पहिल्याचे अधिक १२० किलो आणि दुसऱ्याचे अधिक ९० किलो. दोघांतला फरक ३० किलोंचा. वासराला बापाकडून निम्मीच जनुके मिळतात, म्हणून हा फरक निम्मा करायचा: सारख्याच गाईंना हे दोन वळू लावले, तर पहिल्याची वासरे सहाशे दिवसांच्या वयाला सरासरी १५ किलोंनी जड भरतील. वळू वर्षाला ४० वासरे देत असेल आणि चार वर्षे वापरला गेला, तर १६० वासरांमागे हा फरक २,४०० किलो होतो. त्याच्या ज्या कालवडी कळपात ठेवल्या जातील त्यांच्या वासरांतून मिळणारा वाटा याहून निराळा. अमेरिकेत मात्र पुस्तिकेत छापलेला आकडा आधीच निम्मा केलेला असतो. तेथे तो संततीतला अपेक्षित फरक म्हणून ईपीडी या नावाने देतात. अमेरिकन वळूची रेतमात्रा मागवणाऱ्याने हे ध्यानात ठेवले नाही, तर त्याच्या हिशेबात दुपटीची गफलत होते.

आणखी दोन ठिकाणी नवखा वाचक हमखास अडखळतो. अधिक ९० हा आकडा पाहून वळू सरासरीपेक्षा ९० किलोंनी सरस आहे असे वाटते, पण शून्य म्हणजे आजची सरासरी नव्हे. ते मागच्या एखाद्या काळातल्या कळपांचे आधारबिंदू असते. दरम्यान सगळी जातच पुढे सरकलेली असते. आज जन्मणाऱ्या वासरांची सरासरी अधिक १०० असेल, तर अधिक ९० वाला वळू सरासरीच्याही खाली आहे. म्हणून आकड्याबरोबर त्या जातीचे सरासरी मूल्य आणि तो वळू वरच्या किती टक्क्यांत बसतो हे सांगणारा तक्ता पाहावाच लागतो. दुसरे असे की अँगसचे प्रजननमूल्य हेरफर्डच्या प्रजननमूल्याशी थेट ताडून पाहता येत नाही, कारण दोन्ही जातींची मूल्ये आपापल्या जातीच्या आतच काढलेली असतात.

मुख्य आकड्याखाली टक्क्यांत लिहिलेला आकडा म्हणजे अचूकता. तिच्याकडे दुर्लक्ष करणे हा मला सगळ्यात महाग पडणारा आळस वाटतो. आनुवंशिकतेचे प्रमाण ०.३ असलेला गुण घेतला, तर वळूच्या फक्त स्वतःच्या एका नोंदीवरून मिळणारी अचूकता सुमारे ५५ टक्के असते. केवळ वासरांच्या नोंदींवरून हिशेब केला, तर १० वासरांनंतर ती ६७ टक्क्यांवर जाते, ५० वासरांनंतर ९० वर, आणि १०० वासरांनंतर ९४ वर. पहिल्या पन्नास वासरांनी जे मिळते त्याच्या तुलनेत पुढच्या पन्नासांनी फारच थोडी भर पडते. आता हाच हिशेब ०.०५ आनुवंशिकता असलेल्या, म्हणजे प्रजननासारख्या गुणासाठी केला, तर १० वासरांनंतर अचूकता जेमतेम ३४ टक्के, ५० नंतर ६२ आणि १०० नंतर ७५ टक्के. म्हणजे ज्या गुणावर धंद्याचा नफा सगळ्यात जास्त अवलंबून, नेमका तोच पकडीत यायला सगळ्यात अवघड.

ज्याची स्वतःची एकही नोंद नाही आणि जनुकीय तपासणीही झालेली नाही अशा नवजात वासराचे प्रजननमूल्य म्हणजे त्याच्या आईबापांच्या मूल्यांची सरासरी. बाप अधिक १०० आणि आई अधिक ६० असेल, तर वासरू अधिक ८०. परंतु सख्खी भावंडेही एकसारखी नसतात हे प्रत्येक घरात दिसते. आईबापांच्या जनुकांतला कोणता निम्मा भाग कोणाच्या वाट्याला आला, हे प्रत्येक वेळी नव्याने ठरते. म्हणूनच आईबापांचे मूल्य अगदी शंभर टक्के अचूक माहीत असले तरी त्यांच्या वासराविषयीची अचूकता सुमारे ७० टक्क्यांच्या पुढे जाऊ शकत नाही. कमी अचूकतेच्या तरुण वळूचा आकडा पुढे बदलतो, आणि तो वर जाण्याची शक्यता जेवढी, तेवढीच खाली येण्याचीही असते. यावर उपाय म्हणजे सगळा कळप एकाच तरुण वळूच्या भरवशावर न सोडता चार-पाच तरुण वळू वापरणे. त्यांतला एखादा घसरेल, एखादा चढेल, पण सगळ्यांची मिळून सरासरी अंदाजाच्या बरीच जवळ राहील.

यानंतरचा प्रश्न गणिताचा नाही, पशुपालकाच्या विचाराचा आहे: कोणता गुण किती हवा? एकच गुण ताणला की दुसरा बिघडतो. झपाट्याने वाढणाऱ्या वळूची वासरे सहसा जन्मतःच जड असतात, आणि जड वासरामुळे पहिलारू गाय अडते. अडलेली गाय म्हणजे मेलेले वासरू, कधी गाईचाही जीव, आणि ती वाचली तरी पुढचे माजावर येणे लांबते. त्यामुळे कालवडींना लावायच्या वळूत जन्मवजन आणि सुलभ प्रसूती हे आकडे आधी पाहायचे, वाढीचे नंतर. सुलभ प्रसूतीचेही दोन आकडे असतात: एक त्या वळूची वासरे किती सहज जन्मतील याचा, आणि दुसरा त्याच्या मुली पुढे स्वतः किती सहज वितील याचा. हे दोन गुण वेगळे आहेत आणि एकावरून दुसरा गृहीत धरता येत नाही. दुधाचा आकडाही नीट समजून घेण्यासारखा आहे. मांसाच्या गाईचे दूध कोणी काढत नाही, त्यामुळे तो लिटरमध्ये नसतो; वळूच्या मुलींच्या दुधामुळे त्यांच्या वासरांचे दोनशे दिवसांचे वजन किती किलोंनी बदलेल, असा तो मोजतात. हिरव्यागार कुरणात हा आकडा मोठा असावा. कमी पावसाच्या माळरानावर मात्र जास्त दुधाची गाय स्वतःच्या अंगावरचे मांस झिजवून वासराला पाजते, हडकते, आणि पुढच्या वर्षी गाभणच राहत नाही. प्रौढ गाईच्या वजनाचेही तसेच. वाढीच्या मागे लागून पिढ्यान्‌पिढ्या वळू निवडले की कळपातल्या गाईच अवजड होतात, आणि अवजड गाय बारा महिने जास्त चारा खाते.

या सगळ्या गुणांना एकाच मोजपट्टीवर आणण्यासाठी निवड निर्देशांक वापरतात. प्रत्येक गुणात एका एककाने सुधारणा झाली तर पशुपालकाच्या पदरात किती पैसे पडतात किंवा किती जातात, हे ठरवून त्या प्रमाणात प्रजननमूल्यांची बेरीज करायची. ही कल्पना लॅनॉय हेझल यांनी १९४३ मध्ये मांडली आणि तिचा सांगाडा आजही तोच आहे. निर्देशांक सोयीचा असतो, पण तो कोणत्या बाजारासाठी बांधला आहे हे विचारल्याशिवाय वापरू नये. दाणावर दीर्घकाळ पोसून जाळीदार चरबीचे मांस विकणाऱ्यासाठी बांधलेला निर्देशांक, दूध तोडताच वासरे विकणाऱ्याच्या काही कामाचा नाही.

ज्याचे मोजमाप अवघड तो गुण मागे पडतो, ही या पद्धतीची खरी मर्यादा आहे, आणि तिच्यावर मात कशी केली गेली याचे सुंदर उदाहरण उत्तर ऑस्ट्रेलियातल्या ब्राह्मण गुरांचे आहे. वशिंडाची ही गुरे अमेरिकेत भारतीय जातींच्या मिश्रणातून घडली; त्या मिश्रणात गीर, कांकरेज आणि ओंगोल यांच्याबरोबर आपल्या कृष्णा खोऱ्यातल्या जातीचेही रक्त होते. १९३३ मध्ये ती ऑस्ट्रेलियात आणली गेली. ऊन, गोचीड आणि निकृष्ट गवत सोसण्यात त्यांना तोड नाही, पण कालवडी उशिरा वयात येतात आणि वासरू पीत असताना गाई लवकर माजावर येत नाहीत. यावर निवड करायची तर मोजायचे काय? वळू कळपात सोडल्यापासून गाय विण्यापर्यंत किती दिवस गेले, हे मोजता येते आणि ते मोजतातही. जितके कमी दिवस तितके चांगले, म्हणून या गुणात उणे आकडा हवा असतो. परंतु त्यात नशिबाचा, पावसाचा, वळूच्या आरोग्याचा इतका वाटा मिसळलेला असतो की आनुवंशिकता अगदी थोडी उरते. मग संशोधकांनी क्वीन्सलँडमधल्या कळपांत दर चार ते सहा आठवड्यांनी कालवडींच्या अंडाशयांची सोनोग्राफी केली आणि पहिले बीज नेमके कोणत्या वयात सुटले याची नोंद ठेवली. असे थेट मोजल्यावर वयात येण्याच्या गुणाची आनुवंशिकता ०.५ च्या घरात निघाली, म्हणजे वाढीच्या गुणांपेक्षाही जास्त. जो गुण रक्तात नाही असे समजून सोडून दिला होता, तो रक्तात भरपूर होता. मोजण्याची रीत तेवढी ढोबळ होती.

अर्थात दर महिन्या-दीड महिन्याला प्रत्येक कालवडीची सोनोग्राफी कोणा पशुपालकाला परवडणार नाही, आणि येथे जनुकीय चाचणी कामाला येते. डॉमिनेट नावाच्या हेरफर्ड गाईच्या जनुकसंचाचे संपूर्ण वाचन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास जनुकसंचातली ५० हजारांच्या आसपास ठिकाणे एकदम तपासणाऱ्या चिप वापरात आल्या. ही माहिती निवडीसाठी कशी वापरायची, हे थिओ म्यूविसेन, बेन हेज आणि माइक गोडार्ड यांनी २००१ मध्येच मांडून ठेवले होते. कोणते जनुक नेमके काय करते हे शोधत बसायचे नाही. ज्या हजारो जनावरांची चिपवरची तपासणीही झाली आहे आणि प्रत्यक्ष मोजमापही झाले आहे, त्यांच्यावरून प्रत्येक ठिकाणाचा लहानसा परिणाम काढायचा, आणि मग नवजात वासराच्या केसांच्या मुळांवरून त्या परिणामांची बेरीज करायची. आईबापांच्या जनुकांतला कोणता निम्मा भाग या वासराला मिळाला, हे त्यामुळे पहिल्याच आठवड्यात बऱ्याच अंशी कळते. संतती जन्मण्याची, वाढण्याची आणि तोलली जाण्याची वाट पाहावी लागत नाही.

पण चिपला जे शिकवले जाते तेच ती सांगते. मोजमाप झालेल्या संदर्भ-कळपाशी जे जनावर नात्याने दूर, त्याच्याविषयीचा अंदाज तितका कच्चा. अँगसवर शिकवलेल्या गणिताने ब्राह्मण गुरांचे मूल्य काढायला गेले तर त्याचा फारसा उपयोग होत नाही, आणि त्याच जातीतही दर पिढीला नव्या नोंदींची भर पडली नाही तर अचूकता ओसरत जाते. चिप आली म्हणून तराजू अडगळीत टाकता येत नाही.

आकड्यांच्या मागे लागण्याचा एक धोका अमेरिकेच्या अँगस पशुपालकांनी २००८ मध्ये अनुभवला. काही कळपांत पाठीचा कणा वाकडा आणि पाय आखडलेली वासरे मृतावस्थेत जन्मू लागली. हा दोष एकाच जनुकातला निघाला आणि त्याचा माग प्रिसिजन १६८० या वळूपर्यंत पोहोचला. उत्तम आकड्यांमुळे त्याच्या रेतमात्रा देशभर गेल्या होत्या, त्याचे मुलगे आणि नातूही वळू म्हणून वापरले जात होते. दोषाची एकच प्रत असलेले जनावर पूर्ण निरोगी दिसते. आईकडून आणि बापाकडूनही तीच प्रत आली तरच वासरू दगावते. त्यामुळे पहिली पिढी निर्धोक गेली, आणि नात्यातल्या जनावरांचे संबंध वाढले तेव्हा दोष वर आला. चाचणी लवकरच तयार झाली आणि वाहक जनावरे वेगळी काढता आली, पण बोध असा की प्रजननमूल्याची पद्धत साहजिकच आपल्याला एकाच घराण्याकडे ढकलते, कारण चांगल्या वळूच्या नातेवाइकांचे आकडेही चांगलेच असतात. म्हणून जोडी ठरवताना आकड्यांबरोबर दोघांचे नाते किती जवळचे, हेही पाहिले पाहिजे. तसेच वळूचे पाय, खूर, वृषण आणि वीर्याची तपासणी यांना आकडा हा पर्याय नाही. आनुवंशिक गुण कितीही उंचीचे असले तरी जो वळू गाईवर चढू शकत नाही, त्याच्यापासून वासरू होत नाही.

महाराष्ट्रात २०१५ पासून संपूर्ण गोवंशहत्याबंदी लागू असल्याने मांसाच्या गुणांसाठी गाई-बैलांची निवड हा येथील विषय नाही. हे गणित मात्र मांसापुरते नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने मेंढ्यांच्या पैदाशीत आर्मिडेलच्या न्यू इंग्लंड विद्यापीठाबरोबर काम केले. तेथे प्रश्न जुळ्या कोकरांचा होता. बंगालच्या गारोळ मेंढीत जुळी देणारे एकच प्रभावी जनुक आहे; ते दख्खनी मेंढीत आणले गेले आणि त्यातून ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार झाला. एकाच जनुकाचा परिणाम एवढा मोठा असेल, तर थेट त्या जनुकाची चाचणी करून मेंढा निवडता येतो. वजन किंवा दूध यांसारख्या गुणांत मात्र हजारो जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो, आणि तेथे प्रजननमूल्याखेरीज मार्ग नाही.

दुधाच्या जनावरांत वळूची पारख आणखी कठीण, कारण वळू स्वतः दूध देतच नाही. त्याच्या मुली जन्मून, मोठ्या होऊन, विऊन, त्यांचे दूध मोजून होईपर्यंत सहा-सात वर्षे निघून जातात. जनुकीय निवडीचा लाभ म्हणूनच दुधाच्या पैदाशीत सगळ्यात ठळक आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे पंतप्रधानांच्या हस्ते भारतीय गाईंसाठी ‘गौचिप’ आणि म्हशींसाठी ‘महिषचिप’ यांचे लोकार्पण झाले. ही चिप देशी जातींच्या जनुकसंचाला धरून बनवलेली आहे, ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. आता तिला शिकवण्यासाठी लागतील त्या गीर, देवणी, लाल कंधारी, मुऱ्हा, पंढरपुरी यांच्या दुधाच्या नोंदी, आणि त्या आपल्या गोठ्यांतूनच यायला हव्यात. आपल्याकडे एका दावणीला दोन-तीनच जनावरे असतात, त्यामुळे एका गोठ्याचा समकालीन गट होत नाही. एका गावातली, एकाच हंगामात व्यालेली जनावरे मिळून तो गट धरावा लागतो. त्यासाठी कानातल्या बारा अंकी बिल्ल्याशी जोडलेली रेतनाची तारीख, वापरलेल्या वळूचा क्रमांक, विण्याची तारीख, कितवे वेत, आणि महिन्यातून एकदा सकाळ-संध्याकाळ मोजलेले दूध एवढी नोंद पुरते. ती मात्र गावातल्या साध्या गाईचीही हवी, स्पर्धेत पहिल्या आलेल्या एकटीची नव्हे.